आधी पावसाळा बघा, मग कोबा रंगवा

गणपती पंधरा-वीस दिवसांवर आले की आमच्या मोहोपाड्याच्या बाजारात रंगाच्या दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. पाहुणे येणार, आरास होणार, घर उजळ दिसायला हवं. भिंती रंगवून होतात आणि मग नजर खाली जाते. तीस-चाळीस वर्षांचा सिमेंटचा कोबा काळवंडलेला, कुठे उखडलेला, झाडलं की पुन्हा पांढरी धूळ सोडणारा. दुकानात कुणीतरी सुचवतं, ‘इपॉक्सी मारून टाका, आरशासारखं होईल.’ डबा घरी येतो आणि दोन दिवसांत रोलर फिरतो.

हे करू नका, एवढं सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. कोबा रंगवू नका असं माझं म्हणणं नाही. नीट तयारी केलेला कोबा सुंदर दिसतो, पुसायला सोपा जातो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पण आपल्या खालापूर-कर्जतच्या मुलखात जमिनीवर लेप चढवायला भर पावसाळ्याइतका वाईट काळ नाही. आणि जमिनीची परीक्षा घ्यायला त्याच काळाइतका चांगला काळ नाही. या दोन गोष्टींची आपण अदलाबदल करतो. परीक्षा कुणी घेतच नाही आणि लेप मात्र श्रावणात चढवतो.

आपल्या पायाखाली काय आहे ते आधी समजून घेऊ. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सची स्थापना १९६० साली झाली, तिचा कारखाना आमच्या रसायनीत आला, पाठोपाठ आणखी कारखाने आले, त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या गावठाणांतली सारवलेली घरंही हळूहळू सिमेंटची झाली. त्या काळच्या तळमजल्याच्या जमिनीची रीत साधारण एकच होती. जोत्यात मुरमाची भरणी, त्यावर दगडांचं सोलिंग, वर पीसीसी आणि त्यावर इंच-दीड इंचाचा घोटलेला कोबा. ओल अडवण्यासाठी काँक्रीटखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरण्याची पद्धत आपल्याकडच्या घरबांधणीत फार उशिरा आली. त्यामुळे जुन्या घरात जमिनीतली ओल आणि कोबा यांच्यामध्ये अडवणारं काहीच नसतं. काँक्रीट डोळ्याला दगडासारखं दिसत असलं तरी त्यात केसाहून बारीक छिद्रं असतात. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं, पृष्ठभागाशी येतं आणि हवेत उडून जातं. सारवलेली जमीनही अशीच श्वास घेत असे. वरून इपॉक्सीचा घट्ट पडदा टाकला की पाण्याची वाट बंद होते. पाणी मात्र येतच राहतं.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या पडवीचा कोबा मी एका मे महिन्यात रंगवला. उन्हाळ्यात तो खडखडीत वाळलेला होता, हात फिरवला तर नुसती धूळ. प्रायमर लावला, वर दोन हात दिले, आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवला. भाद्रपदात त्यावर पाच रुपयांच्या नाण्याएवढे फुगे आले. टाचणी टोचली तर आतून बुळबुळीत पाणी बाहेर आलं. बोटाला चुरचुरलं, कारण ते सिमेंटमधला चुना घेऊन आलेलं अल्कधर्मी पाणी होतं. पुढच्या उन्हाळ्यात तो सगळा लेप खरवडून काढताना कोब्याचा वरचा थरही पापुद्र्यासारखा निघून आला. लेप कोब्यापेक्षा मजबूत होता. तो सुटला नाही, कोब्यालाच घेऊन सुटला.

म्हणून पहिलं काम परीक्षेचं, आणि ती पावसाळ्याच्या शेवटी घ्यायची. गौरी-गणपती विसर्जित झाले, घर थोडं मोकळं झालं की जाड, पारदर्शक प्लास्टिकचे दीड-दीड फुटांचे चौकोन कापा. जमीन स्वच्छ पुसून कोरडी करा आणि चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने ते घट्ट चिकटवा, हवा जाता कामा नये. किमान १६ तास ठेवा. मी पूर्ण एक दिवस आणि एक रात्र ठेवतो. एकच चौकोन लावून समाधान मानू नका. एक खोलीच्या मध्यभागी, एक बाहेरच्या भिंतीलगत, एक मोरीच्या शेजारी आणि शक्य असेल तर एक देवघराच्या किंवा कपाटाच्या कोपऱ्यात, जिथे वारा फिरत नाही तिथे लावा.

मग प्लास्टिक उचलण्याआधी नीट बघा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या अंगाला असतील किंवा उचलल्यावर तेवढाच कोबा गडद दिसत असेल, तर पाणी जमिनीतून येतं आहे. थेंब वरच्या अंगाला असतील आणि खाली सगळं कोरडं असेल, तर तो जमिनीला फुटलेला घाम आहे. जूनच्या पहिल्या पावसात दमट हवा गार जमिनीवर टेकते आणि फरशी ओली होते, तोच हा प्रकार. घाम फुटणाऱ्या जमिनीवर कोरड्या ऋतूत लेप चढवता येतो. खालून पाझरणाऱ्या जमिनीवर येत नाही. दिसायला दोन्ही ओल्या, पण इलाज अगदी वेगळे. हा फरक दहा रुपयांच्या प्लास्टिकने कळतो आणि तो न बघता हजारोंचा माल जमिनीवर ओतला जातो.

पाताळगंगेच्या काठच्या सखल भागातल्या घरांनी हीच परीक्षा एप्रिलमध्ये पुन्हा घ्यावी. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. तिथे वीज करून सुटलेलं पाणी या नदीत येतं आणि म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते. इथे कारखाने आले त्यामागे हे बारमाही पाणी होतंच. काठावरच्या जोत्यांना मात्र इतर ठिकाणांसारखा कोरडा उन्हाळा मिळेलच असं धरून चालू नये.

परीक्षेत ओल निघाली तर डबा विकत घेण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्यांचं पाणी थेट जोत्याच्या मुळाशी पडतं का? पन्हळ फुटली आहे का? वर्षानुवर्षं अंगणात भर टाकून बाहेरची माती घरातल्या जमिनीच्या पातळीला आली आहे का? ती निदान अर्धा फूट खाली हवी आणि तिचा उतार घरापासून दूर हवा. मोरीचे सांधे फुटलेले असतील तर रोजच्या आंघोळीचं पाणी कोब्याखालच्या मुरमात मुरत असतं आणि आपण पावसाला दोष देत राहतो. आठ दिवस ती मोरी वापरायची बंद करून बघा. शेजारचा डाग आटत असेल तर चोर सापडला. ही कामं गवंड्याची आणि फावड्याची आहेत, त्यांत चमक काही नाही, पण जमिनीसाठी एवढा उपयोगी खर्च दुसरा नाही. ती झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या आणि पुन्हा प्लास्टिक चिकटवा.

तरीही ओल राहिली तर? मग माझं मत स्पष्ट आहे: घट्ट पडदा टाकणारा कोणताही लेप त्या जमिनीवर घालू नका. ओलीला दाद न देणारे खास प्रायमर बाजारात असतात, पण ते धरून ठेवायला खालचं काँक्रीट दमदार लागतं. घरातला जुना कोबा तेवढा दमदार क्वचितच असतो. अशा जमिनीला सिलिकेटचं हार्डनर द्यावं. हे पाण्यासारखं पातळ द्रव्य कोब्यात मुरतं, आतल्या मोकळ्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि सिमेंटला बांधून ठेवणारा जो पदार्थ असतो तोच छिद्रांत आणखी तयार होतो. धूळ थांबते, पृष्ठभाग कडक होतो आणि वाफेची वाट मोकळी राहते. रंग मिळत नाही, आरसा मिळत नाही, पण फुगेही येत नाहीत. रंगच हवा असेल तर खरा इलाज एकच, तो कोबा फोडणे, खाली २५० मायक्रॉनचं प्लास्टिक भिंतीपर्यंत वर वळवून अंथरणे आणि नव्याने पीसीसी करणे. खर्च मोठा आहे, पण दर दोन वर्षांनी खरवडण्यापेक्षा तो परवडतो.

आता ज्यांची जमीन कोरडी निघाली त्यांच्याविषयी.

लाकडी दांड्याने किंवा हातोडीच्या मुठीने सगळी जमीन वीत-वीत अंतरावर ठोकून बघा. धरलेला कोबा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे खडूने रेघ ओढा. हा भाग फोडावाच लागतो. वरून कितीही चांगला लेप दिला तरी खालचा कोबाच सुटलेला असेल तर कपाटाच्या पायाखाली तो एक दिवस खचणार. फोडताना कडा सरळ आणि उभ्या ठेवा, कारण निमुळत्या कडेवर नवं मसाल्याचं काम पातळ पडतं आणि तिथूनच उडतं. तळ धुऊन ओला करा, वर पाणी साचू देऊ नका, सिमेंट आणि एसबीआर लेटेक्सची रबडी ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच एकास तीनचा मसाला दाबून भरा. सात दिवस ओलं ठेवा. त्यावर इपॉक्सी द्यायची असेल तर नव्या कामाला २८ दिवस द्या. इथे घाई करणारेच जास्त.

भेगांच्या बाबतीत आधी ती भेग जिवंत आहे की मेलेली ते ठरवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि दोन-तीन महिन्यांनी बघा. पुढे सरकली नसेल तर ग्राइंडरने तिला इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा, धूळ काढा, इपॉक्सीच्या लांबीने भरा. सरकत असेल तर ती लांबी फुटणार आणि वरचा लेपही फुटणार. जोतं खचतं आहे का, हे आधी जाणत्या माणसाला दाखवा. कोब्यात काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर त्या तशाच राहू द्या. कोब्याला हलायला जागा मिळावी म्हणून त्या बसवलेल्या असतात.

लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी भुकटी वर येत असेल, तर पहिल्यांदा पाणी लावू नका. कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडून, गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलं की तेच क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात आणि वाळल्यावर परत येतात.

लाल कोबा असलेल्या घरांना एक वेगळी सूचना. आपल्या आई-आज्यांनी त्या लाल जमिनीला वर्षानुवर्षं खोबरेल किंवा मेणाचं पॉलिश चोळून आरशासारखं ठेवलेलं असतं. ते तेल-मेण कोब्यात खोल मुरलेलं असतं आणि त्यावर कोणताही लेप धरत नाही. खात्री करायला जमिनीवर पाण्याचे थेंब टाका. मिनिटा-दोन मिनिटांत शोषले गेले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर मेण किंवा तेल आहे. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून घासा, पाणी टिपून घ्या, वाळू द्या, पुन्हा थेंब टाका. स्वयंपाकघरात ओट्याखाली आणि स्कूटर उभी राहते तिथे हे तीन-चार वेळा करावं लागतं. आणि खरं सांगू, सुंदर घोटलेला लाल कोबा अजून धडधाकट असेल तर तो झाकू नका. नुसता स्वच्छ करून पुन्हा पॉलिश करा. त्या रंगाची खोली कोणत्याही डब्यात मिळत नाही.

यानंतर जमीन खरखरीत करायची. घोटलेल्या कोब्याचा वरचा थर इतका गुळगुळीत असतो की प्रायमरला पकड मिळत नाही. इथे बहुतेक जण ॲसिडची बाटली उघडतात. संडास धुण्याचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतं. माझा त्याला विरोध आहे. ॲसिड सगळीकडे सारखं खात नाही. त्याच्या वाफेने नळ, गॅसची शेगडी, शिवणयंत्र, फ्रीजची मागची बाजू गंजते. त्यातला क्लोराइड काँक्रीटमध्ये राहतो आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमधल्या लोखंडाला लागतो, तेव्हा माडीवर तर ते अजिबात वापरू नये. तळमजल्यावर वापरायचंच असेल तर आधी पाणी घेऊन त्यात ॲसिड ओता, उलट कधीच नाही. आणि ब्लीचिंग पावडर किंवा सफाईचं ब्लीच त्याच्या आसपासही येऊ देऊ नका, कारण दोघं मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. क्लोरीन म्हणजे काय हे रसायनीकराला सांगायला नको.

त्यापेक्षा डायमंड कप लावलेला ग्राइंडर दिवसाच्या भाड्याने आणा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखी जमीन लागली की पुरे. पण यात उडणारी धूळ साधी नाही. काँक्रीटमधल्या वाळूची सिलिका फुफ्फुसात बसते आणि तिचा रोग, सिलिकोसिस, बरा होत नाही. शक्यतो पाणी मारत घासा, नाहीतर धूळ ओढणारं यंत्र जोडा, एन-९५ मुखपट्टी लावा. रुमाल बांधून भागत नाही. काम करायला आलेल्या बिगाऱ्यालाही ती मुखपट्टी तुम्हीच द्या, तो मागणार नाही. पाणी मारून काम करणार असाल तर वीज देणाऱ्या बोर्डावर अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर आहे याची खात्री करा. घासून झाल्यावर धूळ पूर्ण काढा आणि जमीन निदान दोन दिवस वाळू द्या.

आता लेप. इपॉक्सीचा कच्चा माल फिनॉल आणि ॲसिटोनपासून सुरू होणाऱ्या साखळीतून येतो. हिंदुस्तान ऑरगॅनिकने ही दोन्ही रसायनं कोचीच्या आपल्या कारखान्यात बनवली, रसायनीत ॲनिलिन, नायट्रोबेन्झिन यांसारखी. या गावातल्या किती तरी घरांत रेणूंची ही भाषा कळणारी माणसं आहेत. त्यांना एवढंच आठवण करून द्यायचं की डब्यातला ‘हार्डनर’ म्हणजे रंगात घालायचा थिनर नव्हे, तो रासायनिक क्रियेतला भागीदार आहे. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, वजनाने की मापाने तेही लिहिलेलं असतं. अंदाजाने घातलेला हार्डनर कमी पडला की लेप कायम चिकट राहतो, जास्त झाला तरी बिघडतो. तीन मिनिटं ढवळा, कडा खरवडून दुसऱ्या बादलीत ओता, पुन्हा ढवळा. मिसळलेला माल बादलीत साठवून ठेवू नका. क्रियेची उष्णता बादलीत कोंडते आणि बघता बघता तो दगड होतो. एप्रिलच्या उन्हात तर डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या निम्माच वेळ हाताशी आहे असं समजा.

माल किती लागेल याचा हिशोब घरीच होतो. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. एक लिटर निखळ लेप, म्हणजे ज्यात उडून जाणारं पाणी किंवा थिनर नाही असा, १० चौरस मीटरवर पसरला की जाडी ०.१ मिलिमीटर होते. तेव्हा कुणी त्या खोलीसाठी ‘दोन एमएमची इपॉक्सी’ सांगत असेल तर त्याला २२ लिटर माल लागेल. तो पाच लिटरच आणत असेल तर तुम्हाला अर्धा मिलिमीटरही मिळत नाही. घराला माझ्या मते रोलरने दिलेला प्रायमर आणि दोन पातळ हात पुरतात. जाड ओतीव इपॉक्सी कारखान्यांसाठी ठीक, ती जुन्या कमकुवत कोब्याला उलट ओढते. जिथे ऊन येतं त्या पडवीत इपॉक्सी पिवळी पडते, तिथे शेवटचा हात पॉलीयुरेथेनचा द्या.

वेळ दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतची. पण आपल्याकडे पौष-माघात सकाळी धुकं असतं आणि जमीन गार असते. हवेतलं पाणी ज्या तापमानाला दव होऊन टेकतं, त्याच्यापेक्षा जमीन निदान तीन अंशांनी गरम असली पाहिजे, असा कारखान्यांतला नियम आहे. मोजायचं साधन नसेल तर अकरा वाजेपर्यंत थांबा आणि चारच्या आत रोलर खाली ठेवा, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी लेप धरतो. दमट हवेत ताज्या इपॉक्सीवर पांढरट, तुपकट साय येते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन, हलका पॉलिश पेपर मारल्याशिवाय दुसरा हात देऊ नका.

काम चालू असताना देवाजवळचा दिवा, उदबत्ती, गॅस बंद. खिडक्या उघड्या. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असणारे त्या रात्री दुसरीकडे झोपू देत. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की पुन्हा सुटत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर मोरीजवळ आणि पायरीवर ओल्या लेपावर बारीक सिलिका वाळू भुरभुरवा. चमकत्या ओल्या जमिनीवर घसरून मोडलेलं खुब्याचं हाड रंगापेक्षा फार महाग पडतं. एक दिवसाने चालायला हरकत नाही, पाणी आणि जड कपाटं सात दिवसांनी, आणि कपाट उचलूनच ठेवा, ओढू नका. उरलेला माल, धुतलेला थिनर गटारात ओतू नका. आपली गटारं पाताळगंगेला मिळतात. उरलेली इपॉक्सी थोडी थोडी मिसळून पत्र्यावर पसरून कडक होऊ द्या, मग टाका.

येत्या गणपतीत रंगाचा डबा आणायचा थांबा. विसर्जन झालं की घराच्या चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकचे तुकडे तेवढे चिकटवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाकून बघा.